आईची टिचकी

बारावीचा निकाल लागल्यावर आमच्या घरात आठवडाभर जे चाललं होतं, त्याला चर्चा म्हणणं म्हणजे फारच झालं. मला फिजिक्स घ्यायचं होतं. मी बी.कॉम. करावं असं आईचं म्हणणं होतं. "ते चंद्र-तारे घेऊन काय दुकानात टांगायचेत का?" असं ती विचारायची, आणि "फिजिक्स म्हणजे चंद्र-तारे नव्हेत गं, किती वेळा सांगू!" म्हणत मी पाय आपटत आतल्या खोलीत जायचे. मी तापट आहे. आईही तापटच, फक्त ती दुकानदार असल्यामुळे तिला राग गिळता येतो. मला अजून जमलेलं नाही.

आमचं भांड्यांचं दुकान आहे, नाशिकच्या जुन्या भागात, सराफ बाजारातून गोदावरीकडे उतरताना. तांब्या-पितळेची भांडी, पूजेचं सामान, समया, घंटा, आणि हल्ली नाइलाजाने स्टील. मी सातवीत असताना वडील गेले आणि महिन्याभरात आई गल्ल्यावर बसली. त्याआधी तिने दुकानात फक्त डबा पोचवला होता. पण बाजारातल्या भल्याभल्यांना वाटलं होतं तसं दुकान बंद पडलं नाही. एकुलती एक मुलगी आहे, ती पुढे हे सांभाळेल, असं आईने धरूनच ठेवलं होतं.

शेवटी आमचं भांडण कॉलेजच्या प्रवेशाच्या टेबलापाशी मिटलं. टेबलामागच्या मॅडमनी आम्हा दोघींची तोंडं पाहिली आणि म्हणाल्या, "आता नवीन शैक्षणिक धोरण आलंय. मुख्य विषय, म्हणजे मेजर, फिजिक्स घ्या; जोडीला मायनर बिझनेस मॅनेजमेंट घ्या. प्रश्न मिटला."

"म्हणजे दोन्ही?" आईने विचारलं. "एकाच मुलीला?"

"एकाच मुलीला."

आईचा जीव भांड्यात पडला. आमच्याकडे तो तसाही कायम भांड्यातच असतो. बाहेर आल्यावर बसस्टॉपवर तिने करार करून टाकला. "तीन वर्षं तुझं फिजिक्स. पुढे दुकान. कबूल?" मी कबूल म्हटलं. अठराव्या वर्षी तीन वर्षं संपतील असं वाटतच नाही. दुसऱ्या वर्षाला मात्र मला पक्कं कळून चुकलं की मला एम.एस्सी. करायचंय, तेही पुण्याला जाऊन. हे आईला सांगायची माझी हिंमत होईना.

कॉलेजात माझी अवस्था ना धड इकडची ना तिकडची. फिजिक्सवाले मला शेठाणी म्हणायचे आणि कॉमर्सवाले सायंटिस्ट. कॅन्टीनमध्ये दोन्हीकडच्या टेबलांवर मला जागा असायची आणि दोन्हीकडे मी पाहुणीच. फिजिक्सची लॅब मैदानाच्या एका टोकाला, मॅनेजमेंटचा वर्ग दुसऱ्या टोकाला. ऑप्टिक्सच्या अंधाऱ्या खोलीतून बाहेर पडून, भर उन्हात डोळे बारीक करत मी मैदान ओलांडायचे आणि मार्केटिंगच्या तासाला धापा टाकत बसायचे. सकाळी समतोल म्हणजे सगळ्या बलांची बेरीज शून्य. दुपारी समतोल म्हणजे मागणी आणि पुरवठा जिथे भेटतात तो भाव. एकदा मॅनेजमेंटच्या पेपरात उत्तराला एकक लिहायचं राहिलं म्हणून मी घाईघाईने मागे जाऊन 'ग्राहक प्रति सेकंद' असं लिहून आले. सरांनी त्याखाली तांबड्या शाईने फक्त एक उद्गारचिन्ह काढलं होतं.

पण खोटं कशाला बोलू, मला तो मायनर आवडायला लागला होता. एकदा सरांनी गुडविल शिकवलं. दुकानाच्या नावाची पत, ती कपाटात ठेवता येत नाही की वजनकाट्यावर घालता येत नाही, तरी दुकान विकताना तिची किंमत लावतात. "तुमच्यापैकी कुणाचं दुकान आहे? मग सांगा, तुमचं गुडविल कशात आहे?" असं त्यांनी विचारलं. मी पटकन बोलून गेले, "आईच्या टिचकीत, सर." वर्ग हसला.

हसण्यासारखं काही नव्हतं. आमच्या दुकानातून कुठलंही भांडं वाजवल्याशिवाय बाहेर जात नाही. ही पद्धत आजोबांपासूनची. कळशी असो, तांब्या असो की आरतीची घंटा, कागदात गुंडाळण्याआधी गिऱ्हाईकासमोर टिचकी मारायची. भांडं चांगलं असेल तर आवाज लांबवर खणखणत जातो. कुठे बारीक चीर गेलेली असेल तर तो तिथल्या तिथे मरतो. त्याला आमच्यात 'बद्द वाजणं' म्हणतात. चीर डोळ्याला दिसत नाही, कानाला कळते. आई टिचकी मारायची, डोळे किंचित मिटायची, आणि म्हणायची, "घेऊन जा, पुढची पिढी वापरेल." त्र्यंबकेश्वरला आलेली परगावची माणसं केवळ हे वाक्य ऐकायला आमच्याकडून गडू घेतात की काय, असं मला वाटायचं.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला दिंडोरीकडच्या एका गावातले दोघे जण घंटा परत घेऊन आले. गावच्या देवळात टांगायला नेलेली, चांगली मोठी. मी त्या वेळी दुकानातच होते.

"मावशी, ही घंटा बरोबर नाय," थोरला म्हणाला. "नेताना गर्दीत कळलं नाय, पण टांगली तर लय बद्द वाजती."

आईने घंटा कडीला धरून उचलली, टिचकी मारली, डोळे मिटले. "चांगली तर वाजतेय," ती म्हणाली.

त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. धाकटा म्हणाला, "मावशी, आमची बादली बरी वाजती हिच्यापेक्षा."

मी आईकडे बघतच राहिले. घंटा इतकी बद्द होती की बाहेर रस्त्यावरच्या माणसालाही कळलं असतं. काठाला केसासारखी चीर होती, नखाला लागत होती. आई मात्र शांतपणे म्हणत होती, "तुमच्या हातून पडली असेल." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी फळीवरची दुसरी घंटा काढली, वाजवून त्यांच्या हातात दिली आणि माफी मागून त्यांना वाटेला लावलं.

घरी आल्यावर आई म्हणाली, "गिऱ्हाईकासमोर मला खोटं पाडलंस."

"तू खोटं बोलत होतीस म्हणून! फुटकी घंटा गळ्यात मारलीस त्यांच्या. देवळातली घंटा, आई!"

ती कणीक मळत राहिली. मला वाटलं, खजील झाली. मला फार वाईट वाटलं होतं. माझी आई असं करते, हे मला सहन होत नव्हतं. पुढचे कित्येक दिवस आम्ही 'जेवायला ये' आणि 'येते' एवढंच बोलत होतो.

त्याच सुमारास फिजिक्सच्या मॅडमनी फील्ड प्रोजेक्टसाठी विषय मागितले. माझ्या बाबतीत त्यांची अट होती की मेजर आणि मायनर दोन्ही त्यात आलं पाहिजे. मी लिहून नेलं: धातूच्या भांड्यातली चीर आवाजावरून ओळखणं आणि दुकानात त्याचा उपयोग. मोबाइलमध्ये आवाज घ्यायचा, त्यातल्या कंपनसंख्या बघायच्या, तो किती वेळ टिकतो ते मोजायचं. मॅडम म्हणाल्या, "छान. पण आधी माणसाला किती ओळखता येतं ते तपास. मग मोबाइलशी तुलना कर. आणि ज्याची परीक्षा घेशील त्याला भांडं दिसता कामा नये."

मला तेच हवं होतं. प्रोजेक्ट राहिला बाजूला, मला आईला पकडायचं होतं. तिने सगळी भांडी बरोबर ओळखली, की त्या दिवशी घंटेचं तिला कळलं होतं हे सिद्ध होणार होतं. मग मी तिला विचारणार होते, असं का केलंस म्हणून.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही शटर अर्धं खाली ओढून बसलो. बाहेर कुंभमेळ्यासाठी रस्ता खोदून ठेवलेला, पण जेवणाच्या सुट्टीत खोदणारं यंत्र बंद होतं. मी काही चांगली भांडी घेतली, काही मोडीतली, चिरलेली. आईला पाठमोरी स्टुलावर बसवलं. "कसली थेरं ही," ती म्हणाली, पण बसली. मी एकेक भांडं उचलून लाटण्याने वाजवत गेले आणि ती ठामपणे सांगत गेली. चांगलं. बद्द. चांगलं. चांगलं. बद्द.

मी लिहिलेलं पडताळून बघितलं. नाणं उडवून सांगितलं असतं तरी इतकंच बरोबर आलं असतं.

आधी वाटलं, मुद्दाम चुकीचं सांगतेय. मग मी ती परत आलेली घंटा घेतली आणि तिच्या शेजारी एक नवी कोरी. दोन्ही वाजवल्या. एक खणखणत राहिली, दुसरी गपकन मेली.

"दोन्ही सारख्याच," आई म्हणाली.

मी लाटणं खाली ठेवलं आणि तिच्या पाठीमागूनच, नेहमीच्या आवाजात म्हटलं, "आई, चहा टाकू का?"

ती पुढे शटरकडे बघत बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "वाजव ना. थांबलीस का?"

मी समोर जाऊन उभी राहिले. माझ्या तोंडाकडे बघून तिला सगळं कळलं. तिने आधी पदर सारखा केला, मग हात पुढे केला. "ते भांडं इकडे हातात दे. मग सांगते."

मी एक तांब्या दिला. तिने डाव्या हाताची बोटं त्याच्या काठाला हलकेच टेकवली आणि उजव्या हाताने टिचकी मारली. "चांगला." दुसरा दिला. "बद्द." तिसरा, चौथा, सगळे बरोबर. ती ऐकत नव्हतीच. बोटांत येणारी थरथर लगेच थांबते की रेंगाळते, तेवढ्यावर ती सांगत होती. मोठी घंटा मात्र कडीला धरावी लागते, आणि कडीपर्यंत ती थरथर फारशी पोचत नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुझ्या बारावीच्या आधीपासून. जाड आवाज येतात गं. बारीक येत नाहीत. कुकरची शिट्टी येत नाही, वाफ बघते. तू समोर असलीस की तोंडाकडे बघून कळतं." मग हातातला तांब्या खाली ठेवत म्हणाली, "दुकानात वाजवून द्यायला कुणीतरी पाहिजे ना. म्हणून म्हणत होते, बी.कॉम. कर."

मला रडूच कोसळलं. इतके दिवस मी तिला लबाड समजत होते आणि ती बिचारी माझ्या ओठांकडे बघून माझ्याशी भांडत होती. "मी नाही जात कुठे," मी हुंदके देत म्हटलं. "एम.एस्सी.चं डोक्यातून काढून टाकलं. दुकानात बसते."

"कसली एम.एस्सी.?"

झालं! हे मी तिला सांगितलंच नव्हतं. आता सांगावं लागलं, पुण्यासकट. आईच्या कपाळावरची शीर उठली. "म्हणजे मला न सांगता तू पुण्याला निघाली होतीस?"

"आणि तू मला न सांगता बहिरी झालीस!"

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग आधी तिला हसू फुटलं की मला, ते आठवत नाही. त्या अर्ध्या शटरच्या आत, मोडीच्या ढिगाशेजारी आम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. रडणं त्यातच मिसळून गेलं.

कानाच्या डॉक्टरांनी तिला एका बंद खोलीत बसवून तपासलं आणि बाहेर आल्यावर आलेख माझ्या हातात दिला. जाड आवाजांपाशी रेघ ठीक होती, बारीक आवाजांकडे जाताना ब्रह्मगिरीचा डोंगर उतरल्यासारखी सरळ खाली. असले आलेख मी शेकड्याने काढले होते. पण या आलेखात माझी आई होती, आणि त्याचा उतार मोजायला माझा हात धजेना. डॉक्टर म्हणाले, कानाला मशीन लावा, बराच फरक पडेल.

"मी नाही लावणार," रिक्षात बसल्या बसल्या आईने सांगून टाकलं. "भांडी बाजारात बहिरी बाई भांडं वाजवून देते म्हटल्यावर कोण फिरकेल दुकानाकडे? तुझ्या बाबांनी कमावलेलं नाव आहे ते."

तिचं चूक नव्हतं, तेच तर दुखणं होतं. आमच्या धंद्यात कान म्हणजे सगळं. मी पंचवटी येईपर्यंत विचार करत होते. मग म्हटलं, "आई, आपल्या वरच्या गल्लीतल्या सराफांना चष्मा आहे ना? वर डोळ्याला भिंगही लावतात. म्हणून कुणी त्यांच्याकडून सोनं घ्यायचं थांबलं का? उलट लोकांना वाटतं, किती बारकाईने बघतायत."

आईने डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. "हे तुला फिजिक्समध्ये शिकवलं की त्या दुसऱ्यात?"

"मायनरमध्ये."

"मग तो मायनर बरा आहे," ती म्हणाली.

मशीन लावून ती पहिल्यांदा दुकानात आली तो दिवस मी कधी विसरणार नाही. गल्ल्यावर बसलीच नाही. पहिल्या फळीपासून सुरुवात केली आणि भांड्यामागून भांडं वाजवत सुटली. तांब्याची कळशी वाजवली आणि तिथेच थबकली. "अगंबाई, हे इतका वेळ वाजतं होय?" पितळी ताम्हन, पंचपात्र, निरांजन, आरतीची लहान घंटा. त्या लहान घंटेपाशी तर ती लहान मुलासारखी हसली. स्टीलचं पातेलं वाजवल्यावर मात्र कानावर हात ठेवला. "किती कर्कश आहे मेलं! आणि हे मी लोकांना देत होते?" शेजारचे दुकानदार डोकावून जात होते, कुणी काही विचारलं नाही. मी कोपऱ्यात उभी राहून बघत होते.

दुपारनंतर तिचा चेहरा उतरला. बद्द निघालेल्या घंटा आणि झांजा तिने एका बाजूला काढून ठेवल्या होत्या, त्यांच्याकडे बघत म्हणाली, "अशा किती दिल्या असतील गं मी?" पुढे कितीतरी दिवस ओळखीचं कुणी आलं की ती आपणहून सांगायची, "मध्ये मला नीट ऐकू येत नव्हतं. तुमच्याकडे गेलेलं काही बद्द वाजत असेल तर घेऊन या, बदलून देते." मी धसकले होते. मॅनेजमेंटच्या कुठल्याही पुस्तकात असं करा म्हणून लिहिलेलं नाही. पण परत आणणारे थोडेच निघाले. बरेच जण नुसते मशीन बघायला आले आणि जाताना काहीतरी घेऊन गेले.

प्रोजेक्ट मी दिला. मॅडमनी वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "आई कशा आहेत?" मार्कांचं नंतर बोलल्या.

मला पुण्याला प्रवेश मिळाला तेव्हा आईनेच बॅग काढली. "जा. मला आता सगळं ऐकू येतं." पण ऐकू येत असल्याचं तर ती गेली कित्येक वर्षं भासवत आली होती! डॉक्टरांनी सांगितलं होतं की मशीनची सवय व्हायला वेळ लागतो, आणि फोनवर सगळ्यात अवघड जातं, कारण तिथे ओठ दिसत नाहीत. मी जावं म्हणून ती ऐकू येण्याचं सोंग करत असेल तर मला कसं कळणार? बसमध्ये बसले, सिन्नर मागे पडलं, तरी सारखं वाटत होतं, उतरावं आणि परत जावं.

पुण्यातले पहिले दिवस वाईट गेले. रोज संध्याकाळी मी होस्टेलच्या कॉरिडॉरमधून फोन करायचे. आई दुकानात असायची, मागे गाड्यांचे हॉर्न आणि रस्ता खोदणारं ते यंत्र. "काय? मोठ्याने बोल!" एवढंच ऐकू यायचं. फोन ठेवला की मी खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे. माझी खात्री झाली होती, तिला काही म्हणजे काही ऐकू येत नाही, आणि मी तिला तिथे एकटीला टाकून इथे क्वांटम मेकॅनिक्सचे तास ऐकतेय. मी मनाशी ठरवून टाकलं. अजून एकदा फोन करायचा. आजही ऐकू आलं नाही, तर सरळ बॅग भरायची आणि नाशिक गाठायचं.

त्या दिवशी तिने फोन उचलला तेव्हा ती घरी होती. मागे कसलाही आवाज नव्हता. म्हणजे आता सबबही नव्हती. जेवलीस का, दुकान कसं चाललंय, काही विचारायचं मला सुचेना. मी ओरडले नाही, नेहमीच्या आवाजात बोलले.

"आई, मला तुझी फार आठवण येते गं."

"काय?"

मी कठडा घट्ट धरला आणि जीव खाऊन ओरडले, "मला तुझी फार आठवण येते!"

कॉरिडॉरभर दारांतून डोकी बाहेर आली.

"ओरडतेस काय एवढी?" आई म्हणाली. "पहिल्यांदाच ऐकू आलं होतं मला."

"मग 'काय' कशाला म्हणालीस?"

"घरात होतीस तेव्हा एकदाही असलं काही बोलली नाहीस," ती म्हणाली. "म्हटलं, परत म्हणतेस का बघावं."